संपर्कयुक्त वाहनांची विदा आणि नागरी वाहतूक कोंडीचे नियोजन

बीजशब्द : वाहतूक प्रवाह, सिग्नल-नियोजन, संपर्कयुक्त वाहन, गतिरेषा, मिश्र वाहतूक, खासगीपणा

प्रस्तावना

चौकातील हिरवा दिवा किती सेकंद चालू ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि शहरातील दैनंदिन प्रवासाचा बराच मोठा हिस्सा या सेकंदांवरच अवलंबून असतो. हे सेकंद ठरविण्याचे शास्त्रही नवीन नाही. इंग्लंडमधील रस्ते संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली सिग्नलच्या आवर्तनाची योग्य लांबी काढण्याचे सूत्र मांडले आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ते आजही शिकविले जाते. अडचण सूत्राची कधीच नव्हती. सूत्रात घालावयाचे आकडे कोठून आणावयाचे, ही खरी अडचण होय.

कोणत्या दिशेने दर तासाला किती वाहने येतात हे जाणण्याचे दोन मार्ग परंपरेने वापरले जात. एक म्हणजे चौकात माणसे उभी करून मोजणी करणे. दुसरा म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारेचे वेटोळे पुरून त्यावरून जाणाऱ्या वाहनांची विद्युतचुंबकीय नोंद घेणे. पहिला मार्ग खर्चिक असून एखाद-दुसऱ्या दिवसापुरताच शक्य असतो. दुसरा अधिक अचूक. परंतु जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी रस्ता खोदला की वेटोळे तुटते, आणि तुटलेले वेटोळे पुन्हा बसविण्याची निकड सहसा कोणालाच वाटत नाही. परिणामी जगातील असंख्य चौकांत एकदा ठरविलेले वेळापत्रक वर्षानुवर्षे तसेच चालत राहते. दरम्यान त्या चौकाशेजारी नवे संकुल उभे राहते, शाळा येते, पूल होतो. दिवा मात्र जुन्याच हिशेबाने लागतो.

गेल्या दोन दशकांत या परिस्थितीत एक मूलभूत बदल झाला. मापक रस्त्यातून निघून वाहनात आला. आपले स्थान, वेळ व वेग बिनतारी जाळ्यामार्फत बाहेर कळविणाऱ्या वाहनास ‘संपर्कयुक्त वाहन’ (कनेक्टेड व्हेइकल) असे म्हणता येईल. अशा वाहनांकडून येणारी विदा कोंडी कमी करण्यासाठी नेमकी कशी वापरली जाते, तिच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्याकडील वाहतुकीस ती कितपत लागू पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कोंडीचे गणित

वाहतुकीकडे प्रवाह म्हणून पाहण्याची सुरुवात अमेरिकेतील ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी केली. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ओहायो राज्यातील रस्त्यांवर चलच्चित्र कॅमेरा लावून वाहनांचा वेग व घनता मोजली आणि घनता वाढते तसा वेग घटतो हा संबंध एका सरळ रेषेने दाखविला. ही रेषा अगदी मोजक्या बिंदूंवर आधारलेली होती. तरीही तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली : रस्त्यावरून दर तासाला पार होणाऱ्या वाहनांची संख्या एका मर्यादेपर्यंत घनतेबरोबर वाढते आणि त्यानंतर कमी होऊ लागते. म्हणजे गर्दी वाढली की रस्ता अधिक वाहने नेत नाही, उलट कमी नेतो. १९५५ साली लाइटहिल व व्हिटहॅम यांनी, आणि स्वतंत्रपणे १९५६ साली रिचर्ड्स यांनी, या निरीक्षणाला द्रवगतिशास्त्राची चौकट दिली. या सिद्धांतानुसार रांगेचे टोक ही एक लहर असते आणि वाहने पुढे जात असतानाही ती मागे सरकू शकते.

हे केवळ कागदावरचे नाही. जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी ठेवून चालकांना एकसारख्या वेगाने जाण्यास सांगितले होते. मार्गावर ना चौक होता, ना अपघात, ना खड्डा. तरीही थोड्याच वेळात चालकांच्या सूक्ष्म वेगबदलांतून एक थांबण्या-निघण्याची लहर निर्माण झाली आणि ती वाहनांच्या उलट दिशेने फिरू लागली. कोंडीला नेहमीच कोणीतरी ‘दोषी’ असतो, या आपल्या सर्वसाधारण समजुतीस या प्रयोगाने चांगलाच छेद दिला आहे.

चौकातील कोंडीचे गणित तुलनेने सोपे असून ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका मार्गिकेतून हिरव्या दिव्यात दर दोन सेकंदांस एक वाहन बाहेर पडते. आवर्तन ९० सेकंदांचे असून त्यातील ३० सेकंद हिरवे आहेत. तर प्रत्येक आवर्तनात १५ आणि तासाभरातील ४० आवर्तनांत ६०० वाहने पार होतील. येणारी वाहने तासाला ५७० असतील तर रांग अधूनमधून वाढेल, पण संपेल. तीच संख्या ६३० झाली तर तासाअखेर ३० वाहने शिल्लक राहतील आणि प्रत्येकी सात मीटर धरल्यास रांग २१० मीटर मागे जाईल. शहरात एवढ्या अंतरावर बहुधा मागचा चौक असतो; रांग त्यात शिरली की आडव्या दिशेची वाहतूकही अडते. आता हिरवा दिवा ३० ऐवजी साडेएकतीस सेकंद ठेवला असता तर? क्षमता ६३० झाली असती. केवळ दीड सेकंदाने एक चौक तुंबतो किंवा वाहता राहतो. मात्र ते दीड सेकंद कोणत्या दिशेकडून काढून कोणत्या दिशेस द्यावयाचे, हे ठरविण्यासाठी मोजमाप हवे.

दुसरी बाब दोन चौकांतील मेळाची. चौकांमधील अंतर ५०० मीटर आणि वाहनांचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर असेल, तर पुढचा दिवा मागच्यानंतर ५० सेकंदांनी हिरवा व्हावयास हवा. हा मेळ चुकला की प्रत्येक चौक स्वतंत्रपणे निर्दोष असूनही प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते.

मापक वाहनात येतो

वाहनांना परस्परांशी बोलते करण्याची कल्पना प्रथम सुरक्षिततेच्या अंगाने पुढे आली. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने १९९९ साली यासाठी ५.९ गिगाहर्ट्झजवळील लहरींचा एक पट्टा राखून ठेवला. प्रत्येक वाहनाने सेकंदास दहा वेळा आपले स्थान व वेग आसपासच्या वाहनांना कळवावा, अशी ती योजना होती. मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे २०१२ पासून सुमारे २,८०० वाहनांवर तिची मोठी चाचणीही झाली. परंतु सर्वसामान्य मोटारींत ही यंत्रणा काही पोचली नाही आणि २०२० साली त्या पट्ट्याचा निम्म्याहून अधिक भाग अन्य उपयोगांसाठी खुला करण्यात आला.

वाहतूक-नियोजनाचे काम मात्र तिच्यावाचून अडले नाही. ते खिशातल्या मोबाइलने आणि मोटारीतल्या सिमकार्डाने केले. ८ फेब्रुवारी २००८ रोजी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने आंतरराज्य महामार्ग ८८० च्या एका टप्प्यावर शंभर मोटारी मोबाइल संच ठेवून दिवसभर फिरत्या ठेवल्या. एकूण वाहतुकीत या मोटारींचे प्रमाण जेमतेम दोन ते पाच टक्के होते. तेवढ्यावरून संपूर्ण मार्गावरील वेगाचे चित्र उभे करता येते, हे या प्रयोगाने दाखविले.

जपानमध्ये होंडा कंपनीने आपल्या मोटारींतील मार्गदर्शक यंत्रणेतून २००३ पासून अशी विदा गोळा करण्यास आरंभ केला होता. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर, कोणते रस्ते शाबूत आहेत हे कोणासच ठाऊक नसताना, ज्या रस्त्यांवरून तिच्या मोटारी प्रत्यक्ष गेल्या होत्या त्यांचा नकाशा कंपनीने दुसऱ्याच दिवशी सर्वांसाठी खुला केला. ज्या रस्त्याने वाहन पार झाले तो रस्ता चालू आहे, इतका साधा तर्क. पण मदत पथकांसाठी तो मोलाचा होता.

बर्मिंगहॅम येथील प्रयोग

सिग्नलच्या संदर्भात सर्वांत बोधप्रद प्रयोग मिशिगन राज्यातील बर्मिंगहॅम या छोट्या शहरात झाला. मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक हेन्री लिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला असून त्याचा वृत्तांत २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शहरातील ३४ चौकांचे वेळापत्रक त्यांनी केवळ जनरल मोटर्स कंपनीच्या मोटारींकडून आलेल्या विदेवरून तपासले. रस्त्यावर एकही नवा संवेदक बसविला नाही. या मोटारींचे एकूण वाहतुकीतील प्रमाण सुमारे सहा टक्के होते. फेरनियोजनानंतर सिग्नलवरील विलंबात २० टक्क्यांपर्यंत आणि थांबण्याच्या संख्येत ३० टक्क्यांपर्यंत घट आढळली. येथे ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ही कमाल घट आहे, सरसकट सर्व चौकांची नव्हे.

सहा टक्क्यांवरून संपूर्ण शंभराचा अंदाज कसा येतो? एखाद्या रस्त्याने तासाला १,००० वाहने येतात असे धरू. त्यातील ६० वाहने संपर्कयुक्त. ९० सेकंदांच्या आवर्तनाने तासात ४० आवर्तने होतात, म्हणजे एका आवर्तनास सरासरी दीड वाहन. एवढ्यावर या क्षणी काय चालले आहे हे सांगणे कठीण. परंतु वेळापत्रक ठरीव असेल तर ‘या क्षणी’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो; रोज सकाळी नऊ ते दहा या वेळात सामान्यतः काय घडते, एवढेच जाणावयाचे असते. महिन्यातील कामाच्या २० दिवसांची तीच वेळ एकत्र केली की १,२०० वाहनांच्या गतिरेषा हाती येतात. त्या सर्व एकाच ९० सेकंदांच्या आवर्तनावर एकमेकींवर ठेवल्या तर प्रत्येक सेकंदास सरासरी १३ वाहने पडतात. तांबडा दिवा लागल्यावर रांग कशी वाढते, हिरव्यात ती कशी विरते, दिव्याचे किती सेकंद रिकाम्या रस्त्यास दिले जातात, हे त्या चित्रात स्पष्ट दिसते. या पद्धतीचे सारे मर्म या एका युक्तीत आहे : विदा विरळ असेल तर ती काळात साठवावी.

एकूण वाहनांची संख्या काढण्यासाठीही रांगेचाच आधार घेतला जातो. एखादी संपर्कयुक्त मोटार थांबारेषेपासून ४२ मीटर मागे थांबली, तर प्रत्येकी सात मीटर धरून तिच्यापुढे सहा वाहने उभी असली पाहिजेत. त्या सहांपैकी किती संपर्कयुक्त होती हे विदेवरून कळते. अशा हजारो थांब्यांवरून संपर्कयुक्त वाहनांचे प्रमाण निघते आणि त्यावरून एकूण प्रवाह. मापनाची ही रीत मला अत्यंत सुंदर वाटते, कारण जे वाहन काहीच कळवीत नाही त्याची जागा, जे कळवते त्याच्या अंतरावरून सिद्ध होते. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीत आहे : वाहने मार्गिकेत एकामागे एक उभी राहतात.

मिश्र वाहतुकीचा पेच

भारतीय शहरात हे गृहीत टिकत नाही. आपल्याकडील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. तांबडा दिवा लागताच त्या मोटारींमधील फटींतून पुढे सरकून थांबारेषेवर, किंबहुना तिच्याही पुढे, गोळा होतात. थांबारेषेपासून ४२ मीटर मागे असलेल्या मोटारीपुढे सहा मोटारी असतील, किंवा दोन मोटारी, एक बस, तीन रिक्षा आणि पंधरा दुचाकी असतील. दुचाकीचे हिरव्यातील निर्गमनही एकेक नसून थव्याने होते. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शक तत्त्वांत निरनिराळ्या वाहनांचे ‘मोटार-एकका’त रूपांतर केले जाते ते यासाठीच, परंतु रांगेतील अंतरावरून संख्या काढताना ही एकके फारशी साहाय्यभूत होत नाहीत.

आपल्याकडे मोटारीत बसविलेल्या यंत्रापेक्षा चालकाजवळचा मोबाइल हाच विदेचा प्रमुख स्रोत आहे. गूगलच्या ‘ग्रीन लाइट’ या प्रकल्पात नकाशासेवेतील विदेवरून सिग्नलच्या वेळांबाबत सूचना दिल्या जातात. बंगळूरु, हैदराबाद व कोलकाता या शहरांचा त्यात समावेश झालेला आहे. मोबाइल हा दुचाकीवरही असतो, ही या स्रोताची जमेची बाजू. परंतु मोबाइल म्हणजे वाहन नव्हे. २०२० साली सायमन वेकर्ट या जर्मन कलावंताने ९९ मोबाइल हातगाडीत घालून ती बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यांवरून ओढत नेली आणि नकाशावर तेथे तांबडी कोंडी उमटली. पन्नास प्रवाशांची बस आणि पन्नास मोटारी यांतील फरक यंत्रास आपोआप कळतोच असे नाही.

याहून गंभीर प्रश्न विदेत मुळीच नसलेल्यांचा आहे. विलंब ‘वाहनां’चा मोजला तर विलंब वाहनांचाच कमी होतो. रस्ता ओलांडण्यासाठी उभा असलेला वृद्ध, शाळेत निघालेली मुले, सायकलवरून कामावर जाणारा मजूर यांची कोणतीही गतिरेषा या पटावर उमटत नाही. एखाद्या चौकात पादचाऱ्यांसाठी ठेवलेले २० सेकंद संगणकाला ‘वाया गेलेले’ दिसतात, कारण त्या अवधीत कोणतेच संपर्कयुक्त वाहन हललेले नसते. हा संगणकाचा दोष नव्हे. त्यास जे विचारले त्याचेच उत्तर तो देतो. म्हणून पादचाऱ्यांचा किमान अवधी ही तडजोडीची बाब न ठेवता गणितातील अटळ अट म्हणून आधीच घातली पाहिजे आणि विलंब वाहनांचा न मोजता माणसांचा मोजला पाहिजे. नव्या व महागड्या मोटारींचा भरणा असलेली विदा त्या मोटारी ज्या वस्त्यांतून निघतात तेथील रस्त्यांचे चित्र अधिक ठसठशीतपणे काढते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

विदेचा उपयोग कोंडी हलविण्यासाठीही होतो, कमी करण्यासाठी नव्हे, याचे एक उदाहरण बोलके आहे. न्यूयॉर्कला जोडणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलालगतच्या लिओनिया या गावातील गल्लीबोळांतून मार्गदर्शक अ‍ॅप वाहनांचे लोंढे पाठवू लागले, तेव्हा गावाने जानेवारी २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी बाहेरच्या वाहनांना तेथे बंदीच घातली. प्रत्येक चालकास वैयक्तिकरीत्या जवळचा वाटणारा मार्ग सर्वांस मिळून जवळचा असतोच असे नाही. जर्मन गणिती डीट्रिख ब्राएस यांनी १९६८ सालीच हे सिद्ध केले होते. शिवाय सिग्नल सुधारून वाचलेला वेळ नव्या वाहनांना आकर्षित करतो. अँथनी डाउन्स यांनी १९६२ साली द्रुतगती मार्गांबद्दल मांडलेला हा नियम चौकांनाही बव्हंशी लागू आहे.

खासगीपणा आणि मालकी

गतिरेषेवरील नाव पुसले की व्यक्ती अनोळखी राहते, ही समजूत फार काळ टिकलेली नाही. इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय व सहकाऱ्यांनी २०१३ साली पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. केवळ चार स्थळ-काळ बिंदू पुरविले तर ९५ टक्के व्यक्ती एकमेव म्हणून वेगळ्या काढता येतात, असे त्यांना आढळले. रात्री गाडी कोठे उभी असते आणि सकाळी दहा वाजता कोठे पोचते, एवढ्या दोन गोष्टी बहुतेकांची ओळख पटविण्यास पुरेशा ठराव्यात.

ही भीती काल्पनिक नाही. जनरल मोटर्सने चालकांच्या स्थानाची व चालविण्याच्या सवयींची विदा पुरेशा संमतीवाचून गोळा करून विकल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये कंपनीविरुद्ध कारवाई जाहीर केली. ग्राहकांचे पत-अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना अशी विदा देण्यास पाच वर्षे बंदी घालण्याची तरतूद त्या आदेशात होती. अशा अहवालांवरून विमा कंपन्या हप्ते ठरवीत असत. बर्मिंगहॅमच्या चौकांना उपयोगी पडलेली विदा आणि विम्याचा हप्ता वाढविणारी विदा या मूलतः एकाच जातीच्या आहेत. भेद तिच्या वापरात आणि संमतीत आहे. बर्कलेच्या संशोधकांनी २००८ सालीच यावर एक उपाय योजला होता. मोबाइलने सतत स्थान न कळविता रस्त्यावरील ठरावीक काल्पनिक रेषा ओलांडतानाच फक्त वेग कळवावा, अशी त्यांची रचना होती. नियोजनास पुरेल एवढेच घ्यावे, हे तत्त्व त्यात यंत्रणेच्या मुळातच घातलेले आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अधिनियमात शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद असल्याने महापालिका व पोलीस यांनी गोळा केलेल्या स्थानविषयक विदेबाबत दक्षता आवश्यकच राहते. मालकीचा प्रश्नही व्यावहारिक आहे. वाहनांच्या विदेचा व्यापार करणारी ‘वेजो’ ही ब्रिटिश कंपनी २०२३ साली कोलमडली. एकाच खासगी पुरवठादारावर विसंबून राहणाऱ्या नगरपालिकेवर अशा वेळी काय प्रसंग येईल, याची कल्पना करता येते.

सार्वजनिक वाहनांची विदा

अशी एक विदा आपल्याकडे आहे की जिच्याबाबत हे दोन्ही आक्षेप बऱ्याच अंशी सौम्य होतात. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, दुचाकी व तीनचाकी वगळता, ‘एआयएस १४०’ या मानकानुसार स्थानदर्शक यंत्र असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांन्वये बंधनकारक झाले आहे. शहर बसमध्ये असलेले हे यंत्र कोणा एका प्रवाशाचा माग घेत नाही, त्याची विदा सार्वजनिक संस्थेकडे असते आणि एका बसमागे चाळीस-पन्नास माणसांचा विलंब मोजला जातो. दर दहा मिनिटांस एक बस असलेल्या मार्गावर तासाला सहा गतिरेषा मिळतात. महिनाभराच्या साठवणीतून एखाद्या चौकाचे खडबडीत का होईना, चित्र निश्चित उभे राहते. थांब्यावरील खोळंबा आणि सिग्नलवरील खोळंबा हे मात्र वेगळे काढावे लागतील. थांबा थांबारेषेच्या अलीकडे वीस-पंचवीस मीटरवर असेल तर हे काम जिकिरीचे ठरते.

महाविद्यालयीन पातळीवर संख्याशास्त्र, भूगोल व संगणकशास्त्र विभागांना मिळून हाती घेता येण्याजोगा हा प्रकल्प आहे. त्यातील सर्वांत मोठी उणीव बसच्या विदेत नसून सिग्नलच्या नोंदीत आढळेल. गतिरेषा आवर्तनावर बसवावयाच्या तर आवर्तन नेमके कधी सुरू झाले हे सेकंदापर्यंत ठाऊक हवे. ऐन गर्दीत मात्र आपल्याकडे अनेक चौकांत वाहतूक पोलीस दिवे हाताने चालवितात, आणि त्या बदलाची वेळ नोंदली गेली नसेल तर त्या तासाची सर्व विदा निरुपयोगी होते. म्हणून महागड्या कॅमेऱ्यांच्या निविदा काढण्याआधी नियंत्रक पेटीचे घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी जुळविणे, आणि दिवा यंत्राने बदलला की हाताने याची नोंद प्रत्येक वेळी साठविणे, ही दोन कामे प्रथम करावी लागतील.